साडेबारा हजारांचं पत्र

पहिलं पत्र मी अर्जासारखं लिहिलं होतं. भाषा इंग्रजी, पण सूर सगळा तहसील कचेरीतला. आपण मला शिष्यवृत्ती देऊ केलीत याबद्दल मी ऋणी आहे, माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीनं विचार व्हावा, तसदीबद्दल क्षमस्व. बायकोनं ते लॅपटॉपवर वाचलं आणि विचारलं, "खाली 'आपला आज्ञाधारक' राहिलं का लिहायचं?"

मार्च २०२४ ची गोष्ट. आम्ही ओहायोतल्या डेटनमध्ये राहतो. माझं वय तेव्हा ३६, मुलगी पहिलीत, बायको एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला. मी अमेरिकन सैन्यातून २०१८ साली बाहेर पडलो होतो आणि सहा वर्षं गोदामांचे हिशेब सांभाळल्यावर आता वकिली शिकायची ठरवली होती. तीन लॉ स्कूलांची पत्रं टेबलावर होती. तिन्हींनी प्रवेश दिला होता, तिन्हींनी शिष्यवृत्ती दिली होती, आणि नीट हिशेब केल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की त्यातल्या दोन शिष्यवृत्त्यांचा मला एक छदामही फायदा नव्हता.

हे कसं, ते सांगतो. पण आधी मला हे सांगितलं पाहिजे की ते लक्षात आल्यावरही मी आठवडाभर गप्प का बसलो.

मी कराडजवळच्या एका खेड्यातला. आमच्या शाळेत चौथीच्या स्कॉलरशिपला बसणं म्हणजे घरातलं लग्नकार्य असायचं. गुरुजी रात्री कंदील घेऊन जादा तास घ्यायचे. मी स्कॉलरशिपमध्ये आलो तेव्हा शाळेच्या फळ्यावर नाव लागलं, आईनं गल्लीत पेढे वाटले. किती रुपये मिळाले हे मला आजही आठवत नाही. कुणी विचारलंही नव्हतं. शिष्यवृत्ती हा मान होता आणि मानाचा भाव करत नाहीत. नारळ हातात पडला की तो कानाशी हलवून पाणी किती आहे ते बघायचं नसतं.

आता हाच माणूस अमेरिकेतल्या लॉ स्कूलला लिहिणार की तुम्ही दिलेल्या नारळात पाणी नाही?

अमेरिकेतल्या लॉ स्कूलची शिष्यवृत्ती ही बहुतेक वेळा सूट असते. खासगी शाळेत पाटीवर लिहिलेला भाव तेव्हा साधारण ६०–७० हजार डॉलर वर्षाला, आणि प्रत्यक्षात कुणी निम्मा भरतो, कुणी काहीच भरत नाही, कुणी पुरता भरतो. ज्याचे एलसॅट या प्रवेश परीक्षेतले गुण शाळेच्या मधल्या आकड्यापेक्षा वर, त्याला सूट मोठी. कारण तो मधला आकडा वर सरकला की शाळेचं क्रमवारीतलं स्थान सुधारतं. (माझ्या वेळी त्या परीक्षेत कोण कोणाशेजारी बसेल अशी कोडी असायची. अ ला ब शेजारी चालत नाही, क टोकाला बसणार नाही. पंगतीत भाऊबंदांना बसवण्याचा अनुभव असलेल्या माणसाला ती कोडी फार अवघड नव्हती. पुढं ऑगस्ट २०२४ पासून ती काढून टाकली.) हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड या तीन ठिकाणी गुणांवर सूट मिळत नाही, फक्त गरज बघून मदत मिळते. बाकी बहुतेक ठिकाणी बाजार असतो, आणि तो लपूनछपून भरत नाही. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या ५०९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक शाळेला दरवर्षी एक तक्ता जाहीर करावा लागतो: किती जणांना निम्म्याहून कमी सूट, किती जणांना निम्म्याहून जास्त, किती जणांना पूर्ण माफी. मी ते तक्ते छापून घेतले आणि भिंतीला लावले. सैन्यात पुरवठा विभागात होतो, तक्ता दिसला की मला बरं वाटतं.

तिसरं पत्र याच तक्त्यानं निकालात काढलं. त्या शाळेनं पूर्ण ट्यूशन फी माफ केली होती, अट एकच: पहिल्या वर्षाअखेर वर्गाच्या वरच्या एक-तृतीयांशात राहायचं. लॉ स्कूलमध्ये गुण एकमेकांच्या तुलनेत दिले जातात, वरच्या जागा मोजक्याच असतात. अट असलेल्या किती शिष्यवृत्त्या पुढं कमी झाल्या किंवा काढून घेतल्या, हेही शाळेला जाहीर करावं लागतं. तो आकडा बघितला आणि पत्र बाजूला ठेवलं. आण्णांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे भरतीसारखंच की. पळायचं समद्यांनी, घ्यायचा तिघांतला एक."

आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बेळगावच्या सेंटरला घडलेला माणूस. चाळिशीच्या आत वर्दी उतरली आणि नंतरची अठरा वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या गेटवर वजनकाट्याशेजारी काढली. १५ वर्षं नोकरी झालेल्या मॅट्रिक जवानाला भारत सरकार 'क' गटाच्या नोकरीपुरतं पदवीधर समजतं, हे आण्णांनी मला लहानपणी फार अभिमानानं सांगितलं होतं. कॉलेजात जायला मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही, पैसे देण्याची गोष्ट दूरच. आणि त्यांना वकिलीचं वेड होतं. वेड म्हणजे राग. आमचा चुलत्यांशी बांधाचा दावा होता. आण्णांची दोन महिन्यांची वार्षिक रजा कराडच्या कोर्टाच्या तारखांत जायची. घरी आलेला बाप सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून कापडी पिशवीत सात-बाराचे उतारे भरून निघायचा आणि संध्याकाळी 'पुढची तारीख पडली' म्हणून परत यायचा. मी वकील व्हायचं का ठरवलं, असं प्रवेशअर्जात विचारलं होतं. मी ती पिशवी लिहिली.

मी स्वतः अमेरिकन सैन्यात गेलो ते एका आडवाटेनं. २०१० साली एमएस करायला आलो, बँकेचं कर्ज डोक्यावर. तेव्हा मॅवनी नावाची योजना होती. ग्रीन कार्ड नसलेल्या, पण किमान दोन वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला त्याला येणाऱ्या भाषेच्या बळावर थेट सैन्यात घ्यायचं आणि नागरिकत्व द्यायचं. यादीत हिंदी होती. फोनवर तोंडी परीक्षा झाली आणि माझ्या कराडी हिंदीवर अमेरिकेच्या सैन्यानं समाधान व्यक्त केलं. सुमारे दहा हजार जण या वाटेनं गेले असतील; २०१६ मध्ये ही वाट बंद झाली. साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला प्रशिक्षण संपलं त्याच आठवड्यात मी शपथ घेऊन अमेरिकन नागरिक झालो. आण्णांना हे पचायला काही वर्षं लागली. दुसऱ्याच्या झेंड्याला सलाम, यावर ते बोलले नाहीत, फक्त विचारलं, "पेन्शन हाय का?"

पाच वर्षांच्या नोकरीला पेन्शन नव्हती. पण जीआय बिल होतं, माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा.

या कायद्याची मूळ कथा मला आवडते, कारण तिच्यात एक वकील आहे. हॅरी कोलमेरी हे कॅन्ससमधल्या टोपेका गावचे वकील, पहिल्या महायुद्धात सैन्यात होते. पहिल्या युद्धावरून परतलेल्यांचे जे हाल झाले ते त्यांनी पाहिले होते. दुसरं युद्ध चालू असतानाच, १९४३ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून त्यांनी हाताने मसुदा लिहिला, हॉटेलच्याच कागदांवर. २२ जून १९४४ ला रूझवेल्टांनी त्यावर सही केली. कॉलेज, घरकर्ज, बेकारभत्ता. १९४७ साली अमेरिकेतल्या कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. कायद्याच्या शब्दांत रंगभेद नव्हता, पण अंमल स्थानिक लोकांच्या हाती ठेवला होता, आणि दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय सैनिकांना बँकेच्या आणि कॉलेजच्या दारात त्याचा अर्थ कळला. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांच्यामध्ये एक खिडकी असते आणि खिडकीत एक माणूस असतो, हे आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगायला नको.

माझ्या वाट्याला आलेला कायदा २००८ चा, ११ सप्टेंबरनंतर नोकरी केलेल्यांसाठीचा. लाभ ऑगस्ट २००९ पासून सुरू झाले. तीन वर्षं सक्रिय सेवा झाली की शंभर टक्के. एकूण ३६ महिने शिक्षण. सरकारी विद्यापीठ असेल तर राज्यातल्या विद्यार्थ्याची ट्यूशन फी पूर्ण. खासगी असेल तर वर्षाला एक मर्यादा, २०२४–२५ साली ती २८,९३७ डॉलर ९ सेंट होती. ते ९ सेंट मला फार आवडतात. कुणीतरी कुठंतरी बसून ते मोजलेत. पुस्तकांना वर्षाला हजारापर्यंत. आणि घरभाडं: शाळेच्या पिनकोडावर, सैन्यातल्या कुटुंबवाल्या सार्जंटला मिळेल तेवढं. न्यूयॉर्कमध्ये महिन्याला चार हजारांच्या वर, आमच्याकडं त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण वर्ग चालू असतात तेवढेच दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य.

लॉ स्कूलची तीन वर्षं म्हणजे नऊ-नऊ महिन्यांची तीन सत्रवर्षं, म्हणजे २७ महिने. ३६ तून ते गेले की ९ उरतात. ते मुलीच्या नावावर करता येतील का? येत नाहीत. मुलाबाळांना लाभ द्यायचा तर तसं सैन्यात असतानाच मागावं लागतं, सहा वर्षांची नोकरी झालेली असावी लागते आणि पुढं आणखी चार वर्षं लिहून द्यावी लागतात. मी पाचव्या वर्षी बाहेर पडलो. शिवाय भरती झाल्यावर पहिल्या वर्षी दरमहा शंभर डॉलर कापून घेतले होते, जुन्या माँटगोमेरी जीआय बिलाचा हप्ता म्हणून. एकूण १,२०० डॉलर. नवीन बिल घेतल्यावर ते परत मिळतात, पण सगळे ३६ महिने वापरून संपवले तरच. माझे ९ उरणार, म्हणजे ते १,२०० गेले. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी, झोप न झालेल्या दोनशे पोरांना रांगेत उभं करून त्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. मला वाटलं होतं, विम्याचा आहे.

तर आता त्या नारळातलं पाणी.

दुसरं पत्र सरकारी लॉ स्कूलचं होतं, आमच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. वर्षाची ट्यूशन फी ३१,००० धरा. शाळेनं मला वर्षाला १२,००० ची शिष्यवृत्ती दिली, 'ट्यूशन फीसाठी' असं स्पष्ट लिहून. माजी सैनिकांचं खातं, ज्याला इथं सगळे व्हीए म्हणतात, ते फी भरणार. पण २०११ पासूनच्या नियमाप्रमाणे ते उरलेलीच फी भरतं. जी मदत फक्त आणि फक्त फीसाठी म्हणून शाळेच्या खात्यात जमा होते, ती आधी वजा होते. म्हणजे शाळेनं १२,००० सोडले, व्हीएनं १९,००० भरले. शाळेनं शिष्यवृत्ती दिली नसती तर व्हीएनं ३१,००० भरले असते. दोन्ही वेळी मी भरणार शून्य. शाळेला बारा हजारांचा तोटा, व्हीएला बारा हजारांचा फायदा, आणि अभिनंदनाचं पत्र मला.

पहिलं पत्र मोठ्या शहरातल्या खासगी शाळेचं. फी ६६,०००. शिष्यवृत्ती २५,०००, तीही फीसाठीच. इथं आणखी एक गंमत आहे, तिचं नाव यलो रिबन. व्हीएच्या मर्यादेवर जी फी उरते तिच्यातला काही भाग शाळा सोडते आणि जेवढा शाळा सोडते तेवढाच व्हीए घालते. हे शाळेच्या खुशीवर आहे. किती विद्यार्थ्यांना आणि किती रकमेपर्यंत, ते शाळा ठरवते, आणि एकाच विद्यापीठात लॉ स्कूलचा आकडा वेगळा असू शकतो. या शाळेत जागांना मर्यादा नव्हती आणि उरलेली सगळी फी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची तयारी होती.

मी वहीचं पान उभं दुमडून दोन बाजू केल्या. शिष्यवृत्ती नसती तर: ६६ हजारांतून व्हीएचे २८,९३७ गेले, राहिले ३७,०६३, निम्मे शाळेनं सोडायचे, निम्मे व्हीएनं घालायचे. शाळेचा खर्च साडेअठरा हजार. शिष्यवृत्ती घेतली तर: फी राहिली ४१,०००, त्यात व्हीएचे २८,९३७, उरले १२,०६३, ते पुन्हा निम्मे-निम्मे. शाळेचा खर्च २५ हजार अधिक सहा हजार, म्हणजे एकतीस हजार. फरक बरोबर साडेबारा हजार. तेवढेच साडेबारा हजार व्हीएचे वाचतात. माझं देणं दोन्ही बाजूंना शून्य.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि बायकोला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातानं आली, पान बघितलं आणि म्हणाली, "मग त्यांना सांग, ते साडेबारा हजार फीत घालू नका. तुला खायला द्या. त्यांचा खर्च तेवढाच."

एवढंच पत्र होतं खरं म्हणजे. शिष्यवृत्ती पंचवीस हजारांची फीसाठी देण्याऐवजी साडेबारा हजारांची, कुठल्याही खर्चाला चालेल अशी द्या. तुमच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही आणि माझ्या घरात उन्हाळ्याचे तीन महिने निघतात. पण ते दोन ओळींत लिहायला मला आठवडा लागला. मध्ये तो 'आज्ञाधारक' मसुदा, मग एक फारच ताठ मसुदा, ज्यात मी देशासाठी काय केलं ते होतं. तो बायकोनं न बोलता पुसला. बरं केलं. मी देशासाठी मुख्यत्वे ट्रकांचे सुटे भाग मोजले होते.

आण्णांना मी हा सगळा हिशेब मोठ्या उत्साहात सांगितला. त्यांच्याकडं रात्रीचे नऊ, जेवण झालेलं, फोन स्पीकरवर. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शाळंचा खर्च तेवढाच, म्हनतोस. तुला साडेबारा हजार जास्त. मग ते आलं कुठनं?"

"व्हीएकडून."

"म्हंजे सरकारचं. म्हंजे लोकांचं." थोडं थांबून, "लष्करानं दिलेलं मोजून घ्यायचं असतं. पर दुसऱ्यानं वाचवलेलं लष्कराकडनं काढून घ्यायचं, हे मला जमलं नसतं."

मी तेव्हा कायदा सांगितला. संसदेनं वजावट फक्त फीपुरत्या बांधलेल्या मदतीची ठेवली आहे, मोकळ्या मदतीची नाही. ते चुकून राहिलेलं भोक नाही, तसं लिहिलेलं आहे. मात्र पैसा खरोखर मोकळा हवा, नुसतं नाव बदलून चालत नाही. हे सगळं बरोबर होतं आणि आण्णांना ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलं असं म्हणणार नाही. पण मला दुसरीही एक गोष्ट दिसत होती. शाळेनं माझ्या गुणांची किंमत पंचवीस हजार ठरवली होती, आपल्या क्रमवारीसाठी. आणि ती किंमत माझ्या पाच वर्षांच्या नोकरीच्या मोबदल्यातून वळती होत होती. माझ्याशेजारी बसणाऱ्या, माझ्याइतकेच गुण असलेल्या, सैन्यात न गेलेल्या पोराला ते पंचवीस हजार खरोखर मिळणार होते. त्याचं पंचवीस हजारांचं ओझं उतरणार, माझं शून्याचं. सैन्यात गेल्यानं गुणांची किंमत गेली, असा त्याचा अर्थ. एवढं मला सहन होत नव्हतं.

आण्णा म्हणाले, "मग लिही." आणि फोन आईकडं दिला.

शाळेच्या आर्थिक मदत विभागातल्या बाईंचा चार दिवसांनी फोन आला. मी उभा राहूनच बोललो, जुनी सवय. त्यांनी माझा हिशेब ऐकून घेतला, मध्ये एकदा 'हो, ते तसंच होतं' म्हणाल्या, आणि मग सहज सांगितलं की हा प्रश्न त्यांच्याकडं त्या वसंतात आधीच तीन माजी सैनिकांनी आणला होता. मला धक्का बसला तो इथं. मी समजत होतो की मी काहीतरी शोधून काढलं. त्यांना सगळं माहीत होतं. पत्रं मात्र सगळ्यांना तशीच जात होती, कारण बहुतेक जण विचारत नाहीत. सैन्यात पुरवठ्याच्या खिडकीवर मीही तेच करायचो. बूट दोन जोड मिळतात हे माहीत असायचं. मागेल त्याला दोन, न मागेल त्याला एक.

सरकारी शाळेला मी तसंच पत्र पाठवलं होतं. तिथून उत्तर आलं की तो १२,००० चा निधी एका देणगीदाराचा आहे आणि देणगीपत्रातच 'ट्यूशन फी' लिहिलंय, तो मोकळा करता येत नाही. हे मी मानलं. बांधावरच्या दगडासारखं असतं ते. कुणीतरी गेलेल्या माणसानं रोवून ठेवलेला, हलवायचा तर कोर्ट. पण ज्याला खरोखर फी भरायची आहे त्याला ते बारा हजार द्या आणि मला दुसऱ्या कुठल्या निधीतून थोडे द्या, असं मी लिहिलं.

एप्रिलच्या मध्याला जागा पक्की करण्याचे पैसे भरायचे असतात. त्याच आठवड्यात, १६ एप्रिल २०२४ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा रुडिसिल खटल्याचा निकाल लागला. जेम्स रुडिसिल या माणसानं तीन वेगवेगळ्या वेळी मिळून जवळपास आठ वर्षं सैन्यात काढली होती. जुन्या माँटगोमेरी बिलाचे २५ महिने १४ दिवस त्यानं पदवीसाठी वापरले. पुढं त्याला येलच्या धर्मशास्त्र विभागात शिकून सैन्यात पाद्री व्हायचं होतं. व्हीए म्हणालं, नवीन बिलाचे तुझे उरले १० महिने १६ दिवस. तो म्हणाला, दोन वेगळ्या सेवांवर मी दोन वेगळे हक्क कमावलेत, दोन्ही मिळून ४८ महिन्यांची मर्यादा आहे, ती मला लावा. सात विरुद्ध दोन मतांनी तो जिंकला. निकाल न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिला. मी तो निकाल पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला. १० महिने १६ दिवस. सर्वोच्च न्यायालयात दिवस मोजत होते. आण्णांच्या पिशवीतल्या सात-बारावर असेच गुंठे असायचे, आणि गुंठ्यांखाली आणे.

शेवटी खासगी शाळेनं साडेबारा नाही, पण वर्षाला दहा हजार मोकळे देऊ केले. सरकारी शाळेनं दुसऱ्या एका निधीतून पाच. बायकोची नोकरी, मुलीची शाळा, मोठ्या शहरातलं भाडं, जे तिथला भत्ता जसा येईल तसं खाऊन टाकतं, हे सगळं धरून आम्ही सरकारी शाळा घेतली. निम्मे पैसे कमी घेऊन. माझ्याबरोबर सैन्यात असलेला एक मित्र म्हणाला, मग एवढा भाव केलास कशाला? मला उत्तर सुचलं नाही. खासगी शाळेचं दहा हजारांचं पत्र मी मात्र फायलीत ठेवलंय.

त्या रात्री घरी फोन केला. आण्णा शेतावर गेले होते, उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायला. आईनं उचलला. आई मंडईत मेथीच्या जुडीसाठी तीन गाळे फिरते आणि शेवटी पहिल्या गाळ्यावर परत येऊन तिथल्या बाईला म्हणते, "बघ बाई, तुझ्यासाठी आले." तिला मी व्हीए, यलो रिबन वगैरे काहीच सांगितलं नाही. फी सगळी सरकार भरणार आणि शाळा वर पाच हजार डॉलर देणार, एवढंच सांगितलं.

"पाच हजार कशाचं?"

"खर्चायला. खायला-प्यायला."

"तसं न्हवं. वर्साचं, का तीन वर्साचं?"

मी पत्र उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. '२०२४–२५ या शैक्षणिक वर्षासाठी' असं लिहिलं होतं. पुढच्या दोन वर्षांबद्दल अक्षर नव्हतं. दोन महिने मी त्या कागदांतला प्रत्येक शब्द चाळला होता.

"यंदाचं," मी म्हणालो.

"मग पुढच्या दोन सालांचं आत्ताच लिवून घे की. पैसं भरलंस का तू?"

"नाही अजून. उद्या शेवटचा दिवस."

"मग उद्यापतोर भाव करता येतोय. जुडी पिशवीत पडल्यावर कोन बोलतंय का?"

रात्री अकराला पत्र पाठवलं. तीन ओळी. आभार शेवटच्या ओळीत.